नंबर काढणं वेगळं, डोळे तपासणं वेगळं: पूर्ण नेत्रतपासणीचा माझा अनुभव

मी शिवणकाम करते, वय 51. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवता येतो, म्हणून डोळे ठणठणीत आहेत असं धरून चालले होते. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा, झालं. आईला काचबिंदू होता, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आणि घराण्यात चालू शकणारा आजार; हे तिथे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेवटी थोरली बहीण हट्टाला पेटली आणि मला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

आधी डोळ्यांचा दाब मोजला. उजव्यात 17, डाव्यात 19. साधारण 21 पर्यंत ठीक समजतात, म्हणून मी उठायलाच लागले. डॉक्टरांनी बसवलं आणि कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराची, जाडी मोजली. ती कमी निघाली. कॉर्निया पातळ असला की यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. शिवाय दाब नॉर्मल असूनही डोळ्याची नस खराब होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके मुद्दाम इतके मंद करत नेतात की बरेचसे कुणालाच दिसत नाहीत. हे आधी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

कागद हातात आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या चित्रात वर, नाकाच्या बाजूला, काळा पट्टा होता. मला तर तिथे काळं काहीच दिसत नव्हतं! मेंदू आजूबाजूचं पाहून ती जागा भरून काढतो, दुसरा डोळाही सांभाळून घेतो. आणि सुई तर नेहमी नजरेच्या मधोमध असते, तो भाग शाबूत होता. मोतीबिंदूत निदान धुरकट दिसू लागतं, आणि ऑपरेशन करून भिंग बदलता येतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची, एवढंच हातात असतं.

बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांबद्दल मात्र तक्रार आहे. संध्याकाळपर्यंत सुईचं भोक दिसेना, उन्हात डोळे उघडवत नव्हते. बरोबर कुणाला तरी आणा, गॉगल आणा, गाडी चालवू नका, हे वेळ देतानाच सांगायला हवं. बहीण होती म्हणून निभावलं. पण त्या थेंबांमुळेच डॉक्टरांना डोळ्याच्या आतला पडदा आणि नस नीट पाहता आली, म्हणून ते टाळू नका.

डॉक्टरांनी माझा कागद समोर ठेवून सगळं समजावलं, घाई केली नाही. आता काचबिंदूसाठी रोज रात्री दाब कमी करणारा एक थेंब घालते आणि दोन मिनिटं डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरते. सहा महिन्यांनी पुन्हा फील्ड टेस्ट आहे. बहिणीने अजून स्वतःची तपासणी केलेली नाही. या खेपेला तिला मी घेऊन जाणार.