राणीछाप रुपया घ्यावा की शिवराई: मोलासाठी संग्रह आणि आनंदासाठी संग्रह

नाणी जमवू लागलेल्या माणसाला वर्षभरात हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही वाटांनी चाललो आहे. आधी काही वर्षे भाव वाढेल या हिशेबाने व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये घेतले आणि पुढे केवळ त्यांवरची अक्षरे वाचण्याच्या आनंदासाठी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी.

राणीछाप रुपयाला भक्कम आधार आहे हे मान्य केले पाहिजे. ११.६६ ग्रॅम वजन आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असल्यामुळे हौशी गिऱ्हाईक मिळाले नाही, तरी सराफाकडे मोडीचा भाव येतोच. शिवाय १८६२ सालचा रुपया पुढे १८७४ पर्यंत तेच साल घालून पाडला जात होता आणि सालाखालच्या ठिपक्यांवरून त्याचे प्रकार ओळखले जातात. त्यातले दुर्मिळ प्रकार खरोखरच महाग विकले जातात.

माझे मन या वाटेवरून उडाले ते मात्र एकाच गोष्टीमुळे. जो रुपया मला ‘न वापरलेला’ म्हणून दिला गेला, तोच दोन वर्षांनी त्याच दुकानात विकायला नेला तेव्हा राणीच्या गालावर आणि केसांवर ‘थोडी झीज’ दिसू लागली आणि किंमत खरेदीच्याही खाली आली. मधल्या काळात ते नाणे मी प्लास्टिकच्या डबीतून बाहेरसुद्धा काढले नव्हते, कारण बोटाचा डाग पडला तर भाव उतरेल ही धास्ती होती. म्हणजे दोन वर्षे नाणे लॉकरमध्ये राहिले, मी ते धड पाहिलेही नाही आणि शेवटी त्याची प्रत ठरवली ती घेणाऱ्याने. सगळ्यांना असाच अनुभव येत असेल असे मी म्हणणार नाही, पण मला तो तीन वेळा आला.

शिवराईचे तसे नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेली झिजलेली दुदांडी (मजकुरात दोन आडव्या रेघा असलेली) शिवराई मी निःशंकपणे तळहातावर घेतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढाच मजकूर. पण तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्याने एका नाण्यावर ‘श्री’ कापला जातो, तर दुसऱ्यावर ‘व’. म्हणून सात-आठ नाणी शेजारी ठेवून, भिंग लावून पूर्ण मजकूर जुळवावा लागतो. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’ असे लिहिलेले सापडते आणि एवढ्याशा तांब्यावर अक्षर कोरणाऱ्या कारागिराचा हात दिसू लागतो. रविवारची सकाळ यात कशी जाते ते कळत नाही.

मोठी रक्कम गुंतवायची असेल, तर खात्रीच्या विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर मोजकी उत्तम प्रतीची नाणी घेण्यात चूक नाही. फक्त १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवता येत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक देशातच शोधावे लागेल, हे धरून चालावे. बाकी कुणी मला विचारले, तर मी आधी एक चांगले भिंग आणि दहा-बारा झिजलेल्या शिवराई घ्यायला सांगेन, आणि त्या चिंचेने घासू नका असे बजावेन. तांब्यावर साचलेला काळसर थर घासला, की अक्षरांच्या कडाही त्याच्याबरोबर जातात.