नकली होकायंत्र: विकणाऱ्याचा डाव आणि तो पकडणारी चाचणी

भूशास्त्राच्या फील्डवर्कसाठी होकायंत्र घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला अस्सल म्हणून नकली पॉकेट ट्रान्झिट विकलं गेलं. विकणाऱ्याने सगळा बनाव इतक्या बारकाईने रचला होता की जाणकार माणूसही त्यात सहज सापडेल.

पॉकेट ट्रान्झिट म्हणजे झाकणात आरसा असलेलं, दिशा आणि उतार दोन्ही मोजणारं होकायंत्र. डेव्हिड ब्रंटन या खाण अभियंत्याने १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. थरांचा स्ट्राइक (थर आडवा कोणत्या दिशेने गेला आहे ते) आणि डिप (तो किती अंशांनी कलला आहे ते) मोजायला आजही जगभर हे यंत्र वापरतात. रचना जुनी आणि सगळ्यांच्या ओळखीची असल्यामुळे हुबेहूब बाह्यरूप उभं करणं अवघड नाही.

जाहिरातीतले फोटो खऱ्या यंत्राचे होते. किंमत अस्सलपेक्षा किंचितच कमी ठेवली होती, म्हणजे ‘एवढं स्वस्त कसं?’ हा प्रश्नच पडू नये. झाकणावर नामांकित कंपनीचं नाव कोरलेलं, चामड्याचं कव्हर, खोक्यात कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आणि त्यावर शिक्का, सही, अनुक्रमांक. मात्र पार्सल येता येता इतका उशीर झाला की माल परत करण्याची मुदत बरीचशी वाटेतच संपली. हा उशीर मुद्दाम केलेला होता असं आता मला ठामपणे वाटतं.

फील्डवर गोंधळ सुरू झाला. एकाच उघड्या कड्यावर थर डोळ्यांना सरळ एका दिशेने गेलेले दिसत होते, पण वहीतले स्ट्राइक एकमेकांशी जुळेनात. ‘अ’वरून ‘ब’चं आणि ‘ब’वरून ‘अ’चं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) घेतलं तर दोन्हींत १८० अंशांचा फरक यायला हवा. तो येईना, आणि चूकही दर वेळी वेगळी. एका अंशाच्या चुकीने किलोमीटरमागे साधारण १७ मीटर बाजूला सरकतो आपण. इथे तर कधी कधी सहा-सात अंशांचा घोळ होता, म्हणजे किलोमीटरला शंभर मीटरहून जास्त. धुक्यात किंवा दाट झाडीत एवढ्या फरकाने माणूस भलत्याच घळीत उतरू शकतो. नकली मालाचा मला सर्वात जास्त राग येतो तो यासाठी. हे यंत्र बंद पडत नाही, खुशाल आकडे देत राहतं.

विकणाऱ्याला कळवलं, तर त्याचं उत्तर तयारच होतं: “तुमच्याकडच्या खडकात लोह असेल.” हे उत्तर नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही हेच ऐकवलं जाईल. बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असलेल्या खडकांत, वीज पडलेल्या माथ्यावर सुई खरोखरच विचलित होते. त्यामुळे बोलणं पटण्यासारखं वाटतं, आणि खडकावर उभं राहून ते खोटं ठरवताही येत नाही.

म्हणून चाचणी टेबलावर करायची. लाकडी टेबलावर कागद चिकटवा. यंत्राच्या कडा चारही बाजूंना टेकतील एवढा अचूक काटकोनी चौकोन त्यावर आखा. यंत्र सपाट ठेवून एका बाजूला कड लावा, सुई थांबू द्या, आकडा लिहा. मग यंत्र पाव वळण फिरवून पुढच्या बाजूला लावा. असं चारही बाजूंना. प्रत्येक वळणाला आकडा ९० अंशांनी बदलायला हवा, कारण फिरतंय ते फक्त खोकं, सुई आहे तिथेच राहायला हवी. आसपासच्या लोहाने सुई थोडी वळली असली तरी चारही वेळा ती सारखीच वळेल, फरक ९०चाच येईल. पण लोखंड यंत्राच्या अंगातच असेल तर ते यंत्राबरोबर फिरतं आणि सुईला कधी इकडे, कधी तिकडे ओढतं. माझ्याकडे फरक आले ८४, ९७, ९३ आणि ८६. मग दुसऱ्या होकायंत्राजवळ या यंत्राचा एकेक भाग नेऊन पाहिला. बिजागरीची खीळ आणि नेम धरायच्या पट्टीचे स्क्रू जवळ येताच त्याची सुई हलली. अस्सल यंत्रात हे भाग पितळ, अॅल्युमिनियम अशा अचुंबकीय धातूंचे असतात.

हे कळवल्यावर दुसरी सबब आली: “मोबाइलजवळ ठेवलं असेल, सुई बिघडली.” जोरदार चुंबकाजवळ ठेवल्याने सुईची टोकं उलटू शकतात, हे खरं. पण तशी उलटली तर प्रत्येक आकडा सारखाच, १८० अंशांनी चुकतो. सुई क्षीण झाली तर ती मंदावते. यंत्र फिरवेल तशी चूक बदलणं ही त्या दोन्हींची खूण नाही. हेही लिहून पाठवलं. त्यावर उत्तर एवढंच, की परत करण्याची मुदत संपली आहे.

यंत्राचे बाकीचे भागही तसेच निघाले. लोखंडी किल्ली जवळ नेऊन सुई हलवली आणि किल्ली दूर केली की ती दर वेळी त्याच आकड्यावर परत यायला हवी. माझी अडकायची, ती ज्या टोकदार खिळीवर तोललेली असते ती खडबडीत असणार. दिक्पात (खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला फरक) लावायचं वर्तुळ पिशवीतल्या हादऱ्यांनीच सरकायचं. क्लायनोमीटरची, म्हणजे उतार मोजणाऱ्या भागाची, बुडबुड्याची नळी डिंकाने चिकटवलेली. उतरत्या फळीवर एकदा मोजून यंत्र उलट बाजूने फिरवून पुन्हा मोजलं तर उतार तोच यायला हवा, तो येत नव्हता. उत्तर गोलार्धात सुईचं उत्तर टोक खाली झुकतं, म्हणून दक्षिण टोकावर बारीक तारेचे वेढे घालून तोल साधतात. माझ्या सुईवर वेढ्यांच्या जागी नुसता रंगाचा पट्टा होता.

अशी आणखी एक नक्कल मी जाहिरातीच्या फोटोतच ओळखली. या प्रकारच्या यंत्रात पूर्व आणि पश्चिम मुद्दाम अदलाबदल करून छापलेल्या असतात आणि अंश डावीकडे वाढत जातात, म्हणजे सुईच्या टोकाशी थेट बेअरिंग वाचता येतं. नक्कल करणाऱ्याने त्या ‘दुरुस्त’ करून छापल्या होत्या. असं यंत्र पूर्वेला पश्चिम दाखवेल.

नुसतं चालायला, नकाशावरून वाट काढायला हवं असेल तर पॉकेट ट्रान्झिटच्या वाटेलाच जाऊ नका. पारदर्शक पट्टीवरचं, द्रवाने भरलेलं साधं होकायंत्र त्या कामाला जास्त बरं. थरांची मोजमापं ढिगाने घ्यायची असतील तर क्लार पद्धतीचं यंत्र पाहा, त्यात डिपची दिशा आणि कोन एकाच ठेवणीत मिळतात.

माझ्या प्रकरणाचा निकाल अनुक्रमांकाने लागला. याच विकणाऱ्याकडून घेतलेलं यंत्र ओळखीतल्या एकाकडे होतं. दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी ठेवली, तर क्रमांक एकच, सहीसुद्धा छापलेली. दोन्हींचा फोटो जोडून विक्रीच्या संकेतस्थळाकडे तक्रार केली, तेव्हा पैसे परत मिळाले. काही दिवसांत विकणाऱ्याचं पान नाहीसं झालं, आणि तेच फोटो दुसऱ्या नावाखाली पुन्हा दिसू लागले.

तेव्हा पार्सल उघडतानापासून व्हिडिओ घ्या, चौकोनाची चाचणी त्याच दिवशी करा, तीही कॅमेऱ्यासमोर. तक्रारीत ‘नीट चालत नाही’ असं लिहू नका, त्यावर दुरुस्तीचं आश्वासन देऊन वेळ मारून नेतात. ‘अस्सल म्हणून नकली वस्तू दिली’ असंच लिहा, आणि चारही आकडे खाली द्या.