सीएसआयए की एसआयपी: जिवाणू प्रदूषण खातायत हे दाखवायला काय घ्यावं?

भूजलात बेंझीन किंवा टीसीईचा (ट्रायक्लोरोएथिलीन, एक क्लोरीनयुक्त द्रावक) आकडा वर्षागणिक उतरतोय म्हणून जिवाणू कामाला लागलेत असं कोणी मान्य करत नाही आणि ते बरोबरच आहे, माल पुढे वाहून गेला असेल, पातळ झाला असेल नाहीतर मातीला धरून बसला असेल. मग आयसोटोपकडे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंकडे वळावं लागतं. त्याच्या दोन पद्धती, सीएसआयए (कंपाउंड-स्पेसिफिक आयसोटोप ॲनालिसिस) आणि एसआयपी (स्टेबल आयसोटोप प्रोबिंग). मी दोन्ही वापरल्यात, त्यामुळे पैसे एकाच पद्धतीपुरते असतील तर काय घ्यावं एवढंच सांगतो, तुमची साइट वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

सीएसआयएमध्ये बाहेरून काही घालायचं नाही, प्रदूषकात मुळात असलेल्या जड कार्बन-१३ चं हलक्या कार्बन-१२ शी गुणोत्तर मोजायचं. कार्बन-१२ चे बंध जरा लवकर तुटतात, त्यामुळे उरलेलं प्रदूषक जड होत जातं, आणि नुसतं पाणी मिसळून हे गुणोत्तर हलत नाही. अमेरिकन ईपीएच्या (पर्यावरण संरक्षण संस्था) २००८ च्या गाइडमध्ये साधारण २ पर मिलच्या (हजारात दोन) वर फरक गेला तर विघटन मानायला हरकत नाही असं धरलंय, मीही तेच धरतो.

एसआयपीत उलटं, बाटलीत घेतलेल्या नमुन्याला कार्बन-१३ ठासून भरलेलं (लेबल केलेलं) प्रदूषक द्यायचं आणि तो कार्बन कोणाच्या डीएनएत जातोय ते बघायचं. २००० साली मरेल यांच्या ग्रुपने जंगलाच्या मातीत मिथेनॉल घालून हे दाखवलं तेव्हापासून सगळ्यांना याचं आकर्षण आहे, मलाही होतं. कोण खातंय त्याचं थेट नाव मिळतं, सीएसआयए ते कधीच देत नाही.

पण मला जे खुपलं ते वेळेचं गणित. बाटली लवकर उघडली तर डीएनए पुरेसा जड झालेला नसतो, आणि थांबलात तर मूळ खाणाऱ्याने टाकलेलं, मेलेलं, उष्टं खाणारे बाकीचे जिवाणूही जड होतात, म्हणजे नाव मिळतं पण ते चोराचं की वाटेकऱ्याचं ते कळत नाही. त्यात जड-हलका डीएनए वेगळा करायला सीझियम क्लोराइडमध्ये दीड-दोन दिवस अल्ट्रासेंट्रिफ्यूज, मग ट्यूबच्या बुडाला सुई टोचून थेंब थेंब फ्रॅक्शन गोळा करा, घनता कळायला प्रत्येकाचं रिफ्रॅक्टोमीटरवर रीडिंग घ्या, आणि शेवटी जड फ्रॅक्शनमध्ये जो दिसतो तो नुसता जास्त जीसीवाला (डीएनएत जी-सी जोड्या जास्त, म्हणून मुळातच जड) निघू शकतो, लेबलशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून साध्या कार्बन-१२ चा कंट्रोल तेवढ्याच कष्टाने चालवा. एवढं करून बाटलीत जे घडलं ते जमिनीखाली घडतंय का हा प्रश्न तसाच राहतो, खरं सांगायचं तर माझा कौल तिथेच फिरला.

टीसीईवाल्यांनी तर जास्तच जपून. टीसीई फोडणारा डिहॅलोकोकॉइडिस हा जिवाणू टीसीईवर श्वास घेतो (आपण ऑक्सिजन वापरतो तसा), स्वतःचं शरीर बांधायला कार्बन घेतो ॲसिटेटमधून, म्हणजे लेबल केलेलं टीसीई दिलं तरी ते इथीनपर्यंत जाईल आणि जिवाणू कोराच राहील. सीएसआयएला याची काही अडचण नाही, टीसीई जड होताना सरळ दिसतं.

सीएसआयए म्हणजे रामबाण नव्हे हेही खरं. पीएएचसारख्या (अनेक कड्यांचे हायड्रोकार्बन) मोठ्या रेणूत एका बंधाचा फरक बाकीच्या कार्बनमध्ये विरून जातो, तिथे मी अजूनही एसआयपीच घेईन, आणि शक्यतो बाटलीत नाही तर लेबल केलेलं प्रदूषक शोषलेले मणी विहिरीत टांगून. एमटीबीईला (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं रसायन) ऑक्सिजन असताना कार्बनचा फरक बारीक पडतो, ऑक्सिजन नसताना कितीतरी मोठा, म्हणून नुसत्या कार्बनवरून टक्केवारी काढायला जाऊ नका, हायड्रोजनचे आयसोटोपही मागा. रेलेच्या समीकरणातून (प्रदूषक किती जड झालं यावरून किती विघटन झालं ते काढायचं सूत्र) आलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण वाटेत जड आणि हलकं प्रदूषक असलेलं पाणी एकमेकांत मिसळतं, पण कमी सांगणारा आकडा रिपोर्टात मला तरी परवडतो.

सीएसआयए ठरवलंत तर विहिरीवर जायच्या आधी लॅबला किमान किती कॉन्सन्ट्रेशन लागतं ते विचारून घ्या, स्वच्छ होत आलेल्या विहिरीत तिथेच गाडी अडते. ४० मिलीच्या व्हायलमध्ये बुडबुडा ठेवू नका. आणि एमटीबीई असेल तर नमुना टिकवायला ॲसिड घालू नका, गरम करताना त्याचं टीबीए (टर्ट-ब्युटाइल अल्कोहोल) व्हायला लागतं, त्याऐवजी ट्रायसोडियम फॉस्फेट चालतं.