कॅमेऱ्यासाठी व्ही३० मेमरी कार्ड घ्यायचं का व्ही६०?

कार्डाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात २०० एमबी वगैरे छापलेलं असतं, पण तो रीड स्पीड, म्हणजे फोटो लॅपटॉपवर घेताना मिळणारा, आणि तोही जास्तीत जास्त. शूट करताना कामाला येतो राइट स्पीड आणि तो सलग कमीत कमी किती मिळणार ते व्हीच्या पुढच्या आकड्यात असतं. व्ही३० म्हणजे सेकंदाला ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०.

त्याच्याही आधी आपल्या कॅमेऱ्याचा स्लॉट बघा. कॅननचे आर५० आणि आर१० दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, पण आर५० ला यूएचएस-१ (कार्ड आणि कॅमेऱ्यातल्या जोडणीचा जुना, हळू प्रकार) स्लॉट आहे आणि आर१० ला यूएचएस-२ (नवा, वेगवान). निकॉनचंही तसंच, झेड५० ला १ आणि नंतर आलेल्या झेड५०-२ ला २. व्ही६० कार्डं बहुतेक सगळी यूएचएस-२ असतात, त्यांना मागे पिनांची दुसरी रांग असते, आर५० मध्ये टाकलं तर चालतं हो, बिघडत काही नाही, पण ती दुसरी रांग वापरलीच जात नाही आणि स्पीड सेकंदाला १०४ एमबीच्या पुढे जाऊच शकत नाही. मग जास्तीचे पैसे कशाला घालायचे?

फोर-के व्हिडिओसाठी व्ही६० लागतं असं बरेच जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. १०० एमबीपीएसचा व्हिडिओ म्हणजे मेगाबिट, त्याला ८ ने भागा, सेकंदाला १२.५ एमबी झाले. व्ही३० मध्ये आरामात बसतं.

खरा फरक पडतो बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून एकामागोमाग फोटो काढताना. भिगवणला फ्लेमिंगोंचा थवा उठला आणि तुम्ही आर१० वर सेकंदाला १५ फोटो रॉमध्ये (सेन्सरचा सगळा डेटा तसाच ठेवणारी मोठी फाइल) मारताय, एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबी, म्हणजे सेकंदाला चारशेच्या आसपास. एवढं व्ही९० पण लिहू शकत नाही, सगळं आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, जातं आणि बफर भरला की शटर अडखळायला लागतं. तो किती लवकर रिकामा होतो हे कार्डावर, म्हणून आर१० आणि पक्षी असं असेल तर व्ही६० च घ्या, इथे कंजुसी नको. घरचे कार्यक्रम, ट्रिपा, जेपेग, यूट्यूबचे व्हिडिओ, याला व्ही३० पुरे.

साइज म्हणाल तर १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन बरी, ह्या सगळ्या कॅमेऱ्यांना स्लॉट एकच आहे आणि एक कार्ड गेलं तरी अर्धे फोटो हातात राहतात. ६४ मध्ये दोन हजारच्या आसपास रॉ बसतात. मोबाइलचं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरू नका, उगाच एक सैल जोड वाढतो.

ऑनलाइन घेतलंत तर विक्रेता कोण ते नीट बघा, डुप्लिकेट कार्डं फार फिरतात. आल्या आल्या एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने कार्ड पूर्ण भरून तपासा, ६४ च्या नावाखाली ८ जीबीचं निघालं तर तिथेच कळतं, आणि हे रिटर्नची मुदत संपायच्या आत करा. मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारून वापरायला घ्या.