झटका खरा होता, किट नव्हतं

माझ्याकडे १९८९ सालचा शेवरोलेचा पिकअप आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक: जनरल मोटर्सचं ७००-आर४. हे १९८२ मध्ये आलं, १९९० मध्ये त्याचं ४एल६० असं बारसं झालं आणि १९९३ पासून त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती निघाली. माझं त्याआधीचं. गिअर कधी बदलायचा हे त्यात कॉम्प्युटर सांगत नाही. तेलाचा दाब, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, गाडीचा वेग ओळखणारा गव्हर्नर आणि थ्रॉटलपासून (पेडल दाबलं की इंजिनात हवा सोडणारी झडप) खाली ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे या गिअरबॉक्समध्ये, जाणारी एक केबल, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. या केबलला टीव्ही केबल म्हणतात. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. तिचं नाव आत्ताच सांगून ठेवतो, कारण मला तिच्याच जोरावर गंडवलं गेलं.

ट्रकचं दुखणं असं होतं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मध्येच मोकळं सुटायचं. क्षणभर न्यूट्रलमध्ये पडल्यासारखं गुरगुरायचं, काटा वर चढायचा, आणि मग सावकाश तिसरा गिअर धरायचा. थंड असताना कमी, तापल्यावर जास्त. माहितगार माणसाला एवढ्यावरूनच कळलं असतं की आतल्या तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटा झिजल्यात. हा त्या ट्रान्समिशनचा नेहमीचा कच्चा दुवा. मी माहितगार नव्हतो. त्याहून खरं सांगायचं तर पूर्ण ट्रान्समिशन उतरवून बांधायचा खर्च मला टाळायचा होता, आणि खर्च टाळू पाहणाऱ्या माणसाला पटेल असं उत्तर देणारा कुणी ना कुणी भेटतोच.

मला भेटला तो बोलायला फार गोड. ट्रक एक फेरी चालवून आणला आणि म्हणाला, "साहेब, ट्रान्समिशन उतरवायची काही गरज नाही. शिफ्ट किट टाकू. गिअर असे पडतील की सीटमध्ये पाठ आपटेल."

शिफ्ट किट म्हणजे काय, हे मला त्यानेच समजावलं आणि ते बरोबर समजावलं, हे मान्य करायला हवं. कंपनीला गिअर मऊ पडायला हवे असतात. म्हणून क्लचकडे जाणारं तेल बारीक भोकांतून अडवत अडवत सोडतात आणि अॅक्युम्युलेटर नावाचा स्प्रिंगवरचा पिस्टन त्यातलं थोडं तेल स्वतः गिळून धक्का जिरवून टाकतो. बसणाऱ्याला सुख, पण तेवढा वेळ क्लच घासतो आणि तापतो. किटमध्ये जास्त ताठ स्प्रिंगा असतात, दाब वाढवणारा मोठा बूस्ट व्हॉल्व्ह असतो, आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या ठोकळ्याच्या, वर बसणाऱ्या पातळ पोलादी सेपरेटर प्लेटमधली ठरावीक भोकं मोठी करायला ड्रिलची टोकं असतात. तेल लवकर पोचतं, क्लच लवकर धरतो, घासणं कमी होतं.

त्याने एकच गोष्ट सांगितली नाही. किटमुळे चांगला क्लच जास्त टिकतो. जळालेल्या प्लेटांवर नवं अस्तर त्याने येत नाही.

सकाळी ट्रक सोडला, दुपारी जेवणाच्या आत फोन आला, "तयार आहे." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. या कामाला सोळा बोल्ट काढून पॅन, म्हणजे ट्रान्समिशनच्या तळाची तेलाची परात, खाली घ्यावा लागतो, पावणेपाच लिटरच्या आसपास तेल निघतं, फिल्टर उपसला की आणखी गळतं, आणि व्हॉल्व्ह बॉडी सुटल्यावर तर ते तासन्‌तास ठिबकतच राहतं. प्लेट खाली आली की तिच्या वरच्या बारीक चेक बॉल (तेलाची उलटी वाट अडवणाऱ्या गोळ्या) अंगावर गळतात, त्या एकेक आपापल्या खाचेत व्हॅसलीनने चिकटवून पुन्हा सगळं वर चढवायचं. गाडीखाली उताणं पडून हे सगळं करायला सरावाच्या हातालाही बराच वेळ लागतो. हे मला आज माहीत आहे.

ट्रक बाहेर काढला आणि खरोखर पाठ सीटवर आपटली. पहिल्यातून दुसऱ्यात असा खणखणीत ठोका, की मी हसलोच. तिसराही घट्ट. गुरगुर गायब. डिपस्टिक काढून दाखवली, तेल आधीपेक्षा लाल. पॅनच्या कडेला नव्या काळ्या सीलंटची रेघ. हातात प्लास्टिकची पिशवी दिली: उरलेल्या स्प्रिंगा, दोन-चार चेक बॉल, ड्रिलची टोकं आणि सूचनांचा घडी घातलेला कागद. "किटमध्ये नेहमी काही भाग उरतात, साहेब," तो म्हणाला. हेही खरंच आहे. एकाच किटमध्ये मऊ आणि कडक अशा दोन-तीन तऱ्हांचे भाग असतात. खऱ्या गोष्टींचा असा एकेक दगड रचून तो मला पलीकडे घेऊन गेला.

मी पैसे दिले, वर आभार मानले, आणि पुढच्या आठवड्यात दोन मित्रांना त्याचं नाव सांगितलं. त्या दोघांचा विचार आला की अजून कसंसं होतं.

दोन महिन्यांत बारीकसारीक खटकायला लागलं. पायाचा भार अगदी हलका ठेवला तरी दुसरा गिअर ताणून ताणून चालायचा, तिसरा पडता पडत नसे. चढावर पेडल दाबलं की शेवटाला आधीच टेकल्यासारखं वाटायचं, जोर अपुरा. मग तापल्यावर तीच जुनी गुरगुर पुन्हा डोकावली.

ओळखीतले एक काका आहेत, आयुष्य ऑटोमॅटिक ट्रान्समिशन उघडण्यात गेलेलं. त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ट्रक चालवला नाही, खाली वाकूनही पाहिलं नाही. बॉनेट उघडलं, थ्रॉटल बॉडीजवळ वाकले आणि म्हणाले, "केबल कुणी ओढलीय रे?"

टीव्ही केबलच्या वरच्या टोकाला, ब्रॅकेटवर, एक सरकता तुकडा असतो आणि त्यावर धातूचं छोटंसं बटण. बटण दाबून तुकडा मागे ढकलायचा, बटण सोडायचं, मग इंजिन बंद असतानाच थ्रॉटल पूर्ण उघडायचा. तुकडा टक-टक करत आपोआप योग्य जागी येतो. बस्स, इतकंच. माझा तुकडा त्या जागेपासून बरेच दाते सरकवून केबल ताणून ठेवली होती. केबल जास्त ताणली की ट्रान्समिशनला वाटतं, चालकाने पेडल खोल दाबलंय. ते दाब वाढवतं, गिअर उशिरा आणि जोरात टाकतं. वाढलेल्या दाबाने झिजलेला क्लचही थोडे दिवस बरा धरतो. आणि केबल आधीच ताणल्यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडतच नव्हता, म्हणून चढावर पेडल टेकायचं.

काकांनी बटण दाबलं, तुकडा मागे घेतला, थ्रॉटल हाताने पूर्ण उघडला. टक, टक, टक. "आता चालवून बघ."

चालवला. ठोका नाही. पहिल्यातून दुसरा लोण्यासारखा मऊ, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन पूर्वीसारखं मोकळं सुटलं. माझं शिफ्ट किट दोन मिनिटांत गाडीतून नाहीसं झालं होतं.

तरी मन मानेना. कदाचित किटही घातलं असेल आणि केबलही ओढली असेल, असं मी काकांना म्हणालो. ते म्हणाले, पॅन काढू. सीलंटची ती काळी रेघ नखाने सोलून निघाली. ती पॅनच्या कडेवर बाहेरून फासलेली होती, आत जुनंच गॅस्केट, कडक होऊन चिकटलेलं. पॅनमधल्या लोहचुंबकावर करड्या चिखलाचा थर. फिल्टर काळपट. म्हणजे पॅन कधी खाली आलाच नव्हता. डिपस्टिकच्या नळीतून थोडं तेल ओढून वरून नवं ओतलं होतं, म्हणून ते लाल दिसलं.

मग काकांनी व्हॉल्व्ह बॉडी उतरवली, प्लेट पुसली आणि माझ्या पिशवीतला कागद पसरला. कागदावर कुठलं भोक कुठल्या टोकाने मोठं करायचं ते दाखवलं होतं. त्यांनी ते टोक पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. "घाल त्या भोकात."

गेलं नाही. टोकाची धार भोकाच्या काठावर टेकून राहिली. दुसरं टोक, दुसरं भोक. तेही गेलं नाही. टोकांवर कारखान्यातलं संरक्षक तेल तसंच होतं, एक ओरखडा नाही. अॅक्युम्युलेटरमध्ये जायची स्प्रिंगही पिशवीतच. ती पिशवी दोन महिने माझ्या घरात, ट्रकच्या कागदपत्रांच्या खणात होती. मी एकदा जरी कागद उघडून ताडून पाहिला असता तरी कळलं असतं.

आता माझी चूक, आणि ही तुम्ही करू नका म्हणूनच हे सगळं लिहितोय. रागाच्या भरात मी त्याला तिथूनच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी किट घातलंच होतं. तुम्ही दुसऱ्याकडे उघडलंत ना? आता त्याने काय काढलं, काय बदललं, मी कसं सांगू?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताणलेल्या केबलचा फोटो नाही, कारण काकांनी ती आधीच सोडली होती. सीलंट सोलण्याआधीचा फोटो नाही. बिलावर फक्त "ट्रान्समिशन काम". किटचं नाव नाही, भाग क्रमांक नाही. पैसे बुडाले ते बुडालेच. एवढं साधलं की प्लेट पुन्हा वर चढवण्याआधी काकांनी कुठलंही किट न घालता सांगितलं, क्लच गेलाय, आता ट्रान्समिशन उतरवल्याशिवाय इलाज नाही. जे पहिल्या दिवशी ऐकायचं होतं ते.

ज्यांच्याकडे अशीच जुनी गाडी आहे आणि हे वाचून बॉनेट उघडायला निघाले असतील त्यांना एक सांगतो: बटण दाबून तुकडा अंदाजाने कुठेही सरकवून तसाच सोडू नका. थ्रॉटल पूर्ण उघडून केबल बसवलीच पाहिजे. ती सैल राहिली तर दाब पडतो, गिअर लवकर आणि अगदी मऊ पडतात, ऐकायला छान वाटतं, आणि चांगला क्लचसुद्धा थोड्याच दिवसांत जळतो. ताणलेली केबल पाठीला कळते. सैल केबलचा पत्ता लागत नाही.

त्या दोन मित्रांना त्याच रात्री फोन केला. एकाने अजून काम दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये हेच ट्रान्समिशन, आणि "किट" बसून तीन आठवडे झाले होते. मी म्हटलं, आधी केबलच्या तुकड्याचा जवळून फोटो काढ, कितव्या दात्यावर आहे ते दिसू दे, पॅनच्या कडेचाही काढ, मगच बटणाला हात लाव. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला.

"अरे, झटका गेला."

"पॅन उघडू नकोस," मी म्हटलं. "मी काकांना आणि आणखी एका साक्षीदाराला घेऊन येतो."

"आणि ती पिशवी?"

"ड्रिलची टोकं बघ. चमकतायत का?"

फोनवर पिशवी चुरगळल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"नवी कोरी आहेत रे," तो म्हणाला.