सीएनसी (कॉम्प्युटरने चालणाऱ्या) मशीनमध्ये प्रोग्राम टाकायला केबल की पेनड्राइव्ह?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये जुना व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, धातू कापणारं सीएनसी मशीन) असेल, त्याला यूएसबी किंवा कार्डाचा स्लॉट नसेल, तर आरएस-२३२ केबलच (कॉम्प्युटर आणि मशीन जोडणारी जुन्या पद्धतीची सिरियल केबल) धरावी लागते. मोल्डचा (साच्याचा) लांबलचक प्रोग्राम मशीनच्या मेमरीत मावत नाही. तो कॉम्प्युटरवरून थोडाथोडा सोडत काम चालवता येतं, ही केबलची खरी ताकद. पण बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट ही सेटिंग्ज कॉम्प्युटर आणि मशीन दोन्हीकडे जुळायलाच हवीत. लांबी साधारण १५ मीटरच्या आत ठेवा. मशीन चालू असताना केबल काढू-घालू नका; अर्थिंग कच्चं असलं तर पोर्टच जळतो. (आमचा एक गेलाय.)

पेनड्राइव्ह? खिशात टाका, निघा. फॅट३२ फॉरमॅट केला की बहुतेक नवे कंट्रोल (मशीन चालवणारे कॉम्प्युटर) वाचतात. घोळ एवढाच, की घाईत कुणीतरी जुना प्रोग्राम लावतो आणि टूल जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसतं. आमच्याकडे नव्या लेथला पेनड्राइव्ह, जुन्या व्हीएमसीला केबलच.