आयव्हीएफची अजून एक सायकल की सरोगसी? आम्ही कसं ठरवलं

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन जोडप्यांनी मला हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. आयव्हीएफ म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं, सायकल म्हणजे त्याचा एक प्रयत्न, आणि सरोगसी म्हणजे आपलं मूल दुसऱ्या बाईनं पोटात वाढवणं, एवढं सांगून पुढे जातो, जे या प्रश्नापर्यंत आलेत त्यांना बाकीचे डॉक्टरी शब्द पाठ झालेले असतात. मी डॉक्टर नाही, ही फक्त आमची केस आहे, तुमची वेगळी असू शकते.

तर आमची केस. बायकोला कधीतरी गर्भाशयाचा टीबी होऊन गेलेला, आम्हाला पत्ताच नाही, पाळी कमी कमी होत गेली तेव्हा हिस्टेरोस्कोपीत (गर्भाशयात दुर्बीण घालून तपासतात ते) कळलं. सहा महिने गोळ्या झाल्या, टीबी गेला, पण आतून चिकटलेलं ते चिकटलेलंच, एकदा ऑपरेशन करून सोडवलं तरी परत तेच. स्त्रीबीजं मात्र चांगली, पाच एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेले गर्भ) फ्रीज झाले आणि आम्हाला वाटलं आता काय, जिंकलोच.

दोन ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं, फेल गेले. ते दुःख वेगळं, ते पचवता येतं, निदान प्रयत्न तरी पूर्ण झालेला असतो. मला ज्यानं थकवलं ते म्हणजे त्यानंतरचे तीन कॅन्सल. गर्भाशयाचं अस्तर, म्हणजे गर्भ रुजतो तो आतला थर, वाढवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू करायच्या, अकराव्या-बाराव्या दिवशी सकाळी सातला कोथरूडहून निघून सोनोग्राफीच्या रांगेत बसायचं, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत आकडा सांगणार. अस्तराची जाडी साधारण सात एमएम तरी हवी म्हणतात. आमचं ५.८. मग डोस वाढवा, चार दिवसांनी परत या, ६.१. अजून चार दिवस, ५.९. ट्रान्सफर कॅन्सल, पुढच्या महिन्यात बघू. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स गर्भाशयात सोडणं, ते पण करून झालं. हिंजवडीतल्या ऑफिसात मी किती वेळा हाफ डे टाकला याचा हिशोब नाही, आणि बायकोचं तर दोन वर्षांचं कॅलेंडरच त्या आकड्याभोवती फिरत होतं, गावाला जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, कारण बाराव्या दिवशी स्कॅन आहे. त्यात नातेवाईक येऊन 'बी चांगलंय, जमीनच तयार नाही' असं तिच्यासमोर बोलायचे, ते मी अजून विसरलेलो नाही. तिसऱ्या कॅन्सलनंतर गाडीत बसल्यावर ती म्हणाली, मला आता आकडा ऐकायचा नाहीये. आमच्यासाठी निर्णय खरं तर तिथेच झाला.

आता आयव्हीएफच्या बाजूनं बोलायचं तर पुष्कळ आहे. दुसऱ्या कुणाला मध्ये घ्यावं लागत नाही, कोर्ट नाही, बोर्ड नाही, ठरवलं तर पुढच्या पाळीला सुरू. अडचण ट्यूब्सची असेल, शुक्राणूंच्या काउंटची असेल, बीजांची असेल आणि गर्भाशय ठणठणीत असेल तर मी तरी म्हणेन अजून एक-दोन सायकल जरूर करा. आणि पोटात वाढवण्याची जी ओढ असते ती खरी असते, ती 'मूल मिळालं ना, मग झालं' असं म्हणून उडवून लावू नये. बायकोनं त्यासाठी रडून घेतलंय आणि मी तिला थांबवलं नाही. पण प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडत असेल तर सहावी सायकल वेगळं काय करणार, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा. आम्ही विचारायला फार उशीर केला.

सरोगसीत काय आवडलं नाही ते आधी सांगतो, कागदपत्रं. २०२१चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पैसे देऊन सरोगसी पूर्ण बंद, वैद्यकीय खर्च, इन्शुरन्स आणि नियमात बसणारा इतर खर्च एवढंच करता येतं. बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५. जी बाई तयार होईल ती विवाहित किंवा कधीकाळी विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, आणि तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही. जिल्हा मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर, तिच्या नावावर ३६ महिन्यांचा इन्शुरन्स. आमचे यात आठ महिने गेले, शिवाजीनगर कोर्टाच्या फेऱ्या वेगळ्या. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, नियमांमध्ये कारणांची यादी आहे त्यात पातळ अस्तर आणि गर्भाशयातले अ‍ॅडहिजन्स (तेच आतून चिकटलेलं) हे सरळ शब्दांत लिहिलेत, वारंवार फेल गेलेलं आयव्हीएफ पण आहे. म्हणजे ज्या आकड्यानं आम्हाला दोन वर्षं छळलं तोच बोर्डासमोर आमच्या कामी आला.

बाई शोधणं हा सगळ्यात नाजूक भाग, आणि इथे आम्ही नशीबवान. बायकोची मावसबहीण साताऱ्याजवळ असते, एकतीस वर्षांची, पहिलीतला मुलगा. आम्ही तिला विचारलंच नव्हतं, धीरच झाला नव्हता. तीच एका रविवारी नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली, "दाजी, मी घरी सगळ्यांशी बोलून आलेय, सासूबाईंशी पण, आता तुम्ही नाही म्हणू नका." तरी आम्ही तिला दोन महिने विचार करायला लावला. कायद्यानंही एम्ब्रियो आत सोडेपर्यंत तिला माघार घेता येते, हे आम्ही तिला दोनदा वाचून दाखवलं. घरात कुणी तयार होत नसेल तर भावनिक दबाव अजिबात टाकू नका, त्यापेक्षा न केलेलं बरं.

मग मावसबहिणीच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याच गोळ्या, तोच डोस, अकराव्या दिवशी बायको तिच्यासोबत आत होती, बाहेर आली आणि मला फक्त एवढंच म्हणाली, ९.४. त्या क्षणी जे वाटलं ते सांगता येत नाही. पहिला ट्रान्सफर निगेटिव्ह आला, तेही सांगायला हवं, जास्तीत जास्त तीन प्रयत्नांची परवानगी असते हे डोक्यात ठेवूनच चाला. दुसरा लागला. एम्ब्रियो आमचेच, लॅब तीच, बदललं ते फक्त गर्भाशय. यावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढू नये, पण मला जे समजायचं ते समजलं.

नऊ महिन्यांतले शेवटचे तीन सोडले तर मावसबहीण तिच्याच घरी होती, बायको दर पंधरा दिवसांनी स्वारगेटहून एसटीनं जायची. जन्मदाखल्यावर पहिल्यापासून आमचीच नावं, मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरमुळे. बायकोला ऑफिसनं १२ आठवड्यांची सुट्टी दिली, मूल हातात आल्यापासून मोजून, ही कायद्यातच आहे पण एचआरला माहीत नव्हतं, कलम दाखवावं लागलं. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर २०२४ पासून नियम याहून चांगला आहे, १८० दिवस.

पुण्यातच २०१७ साली देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं आणि २०१८ मध्ये त्यातून मुलगी जन्मली, म्हणून काही जण तेही सुचवतात. आम्ही चौकशी केली, पण दाता म्हणून बायकोच्या आईचं मोठं ऑपरेशन आणि नंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आमची हिंमत झाली नाही. दत्तकाचा विचार आम्हीही केला होता आणि आजही मनातून गेलेला नाही, फक्त क्रम सांभाळा: दत्तक मूल घरात आलं की सरोगसीचा रस्ता सहसा बंद होतो, कारण जोडप्याला हयात मूल नसणं ही अट आहे आणि त्यात दत्तक मूलही धरतात, अपवाद फक्त गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलाचा. सरोगसीनंतर दत्तक घेता येतं.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या फेल आणि कॅन्सल सायकल्सची बेरीज सरोगसीच्या सगळ्या खर्चाच्या जवळपास गेली होती, तुमच्याकडे कमी-जास्त होईल.

तुमचा कल सरोगसीकडे असेल तर वकील गाठायच्या आधी एक काम करा, जुने सगळे सोनोग्राफी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा, कॅन्सल झालेल्या सायकल्सचे पण. आम्ही ते रद्दी समजून अर्धे टाकून दिले होते आणि बोर्डाच्या आधी क्लिनिकमधून परत काढायला तीन आठवडे गेले.